सगळं हिरवं, पण साइट मुकी: वितरित यंत्रणेच्या मॅशअप पानाचं एक प्रकरण

रात्री ११:४० ला 'ख' साइटवरच्या प्रोमिथियसची, म्हणजे यंत्रांची मोजमापं गोळा करून साठवणाऱ्या साधनाची, डिस्क भरली. १२:०२ ला वापरकर्त्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. मधली बावीस मिनिटं भिंतीवरच्या स्क्रीनवरचं एकत्रित पान (मॅशअप, म्हणजे अनेक साधनांची माहिती एका जागी जोडणारं) त्या साइटचे चाळीसच्या चाळीस नोड, म्हणजे यंत्रं, हिरवे दाखवत होतं. पानाचा कोड कुठे कोसळला नव्हता. ब्राउझरच्या कन्सोलवर चूक नव्हती आणि प्रॉक्सीच्या, म्हणजे पान आणि साधनं यांच्यामधल्या सर्व्हरच्या, लॉगमध्ये ख साइटच्या प्रोमिथियसची सगळी उत्तरं २०० ('ठीक' या अर्थाचा एचटीटीपी कोड) होती. पान जसं लिहिलं होतं तसंच चालत होतं, आणि म्हणूनच त्याची चिरफाड करायला हवी.

प्रकरण नमुन्यादाखल बांधलेलं आहे. त्यातला प्रत्येक दोष मात्र त्या त्या साधनाच्या नेहमीच्या वागण्यातून आलेला आहे.

मांडणी

क, ख, ग अशा तीन साइट, प्रत्येकी ४० नोड, एकूण १२०. माहितीचे स्रोत सात. प्रत्येक साइटला एक प्रोमिथियस, दर १५ सेकंदांनी मोजणी करणारा. मध्यवर्ती नागिऑस, यंत्र हाकेला ओ देतं का (पिंग) आणि दुरून लॉगिन करायची सेवा (एसएसएच) चालू आहे का ते तपासणारा. ग साइटवरच्या गणन-क्लस्टरसाठी गँग्लिया हे मोजमापाचं जुनं पण धडधाकट साधन. जावा सेवांच्या आतलं बघायला जोलोकिया. आणि कुठली आवृत्ती कधी कुठे चढवली, याची नोंद देणारं एक जेसन (माहितीचा मजकूररूप साचा) फीड.

सातही स्रोतांची माहिती वेगवेगळ्या ठिकाणी दिसते. त्यामुळे 'ख साइट हळू का चाललीय?' एवढ्या प्रश्नासाठी सात टॅब उघडून डोळ्यांनी जुळवाजुळव करावी लागायची. मॅशअप त्यासाठी बांधलं: सगळ्यांच्या एपीआयमधून (प्रोग्रामने माहिती मागायच्या वाटेने) माहिती घ्यायची, नोडच्या नावावर एकत्र करायची, एका जाळीत १२० चौकोन रंगवायचे.

कल्पना जुनी आहे. २००५ मध्ये हाउसिंगमॅप्सने क्रेगलिस्टवरच्या घरांच्या जाहिराती गूगलच्या नकाशावर टाचल्या आणि 'मॅशअप' हा शब्द सर्वतोमुखी झाला. २००७ मध्ये आलेलं याहू पाइप्स तर फीड जोडायचं कामच माउसने करू द्यायचं. ते २०१५ मध्ये बंद झालं. पण त्या मॅशअपांत आणि या पानात एक मूलभूत फरक आहे. नकाशावर एक जाहिरात आली नाही, तर कोणाचं काही बिघडत नाही. इथे जो नोड आला नाही, बातमी त्याचीच असते.

बावीस मिनिटांत काय घडलं

मूळ कारण संध्याकाळी ६:१० ला चढवलेल्या आवृत्तीत होतं. एका जावा सेवेच्या मोजमापांना कोणीतरी 'सत्र क्रमांक' असं लेबल लावलं. प्रोमिथियसमध्ये लेबलाची प्रत्येक नवी किंमत म्हणजे एक नवी मालिका, वेळेनुसार साचणाऱ्या आकड्यांची वेगळी रांग. हिस्टोग्राम (आकड्यांची गटवार मोजणी) असेल तर दर किमतीमागे डझनभर. मालिका दोन ठिकाणी साचत गेल्या: सेवेच्या हीपमध्ये (मेमरीत), कारण क्लायंट लायब्ररी त्या विसरत नाही, आणि प्रोमिथियसच्या डिस्कवर. व्हॉल्यूम ४० जीबीचा होता आणि ३४ जीबी आधीच भरलेले. प्रोमिथियसची ठेवण मुळात १५ दिवसांची, म्हणजे वेळेवर बांधलेली. आकाराची मर्यादा वेगळी घालावी लागते आणि ती घातलेली नव्हती.

डिस्क भरल्यावर प्रोमिथियस मरत नाही. नवे नमुने लिहिता येत नाहीत, पण आधीच्या माहितीवरचे प्रश्न तो सोडवत राहतो. तात्कालिक प्रश्नाला तो मागच्या पाच मिनिटांतला सर्वांत ताजा नमुना देतो. गोम अशी की उत्तरासोबत येणारी वेळ नमुन्याची नसते, प्रश्न सोडवल्याची असते. म्हणजे ११:४४ ला विचारलं तर आकडा ११:३९ चा आणि शिक्का ११:४४ चा. पान शिक्का बघून 'ताजं आहे' म्हणालं. ११:४५ पर्यंतचा हिरवा रंग हा असा आला.

११:४५ नंतर उत्तर बदललं: स्थिती 'सक्सेस', निकालाची यादी रिकामी. इथून पुढे दोष जावास्क्रिप्टच्या तीन सवयींचा. मॅथ.मॅक्स हे सर्वांत मोठा आकडा काढणारं फंक्शन; त्याला काहीच दिलं नाही तर ते उणे अनंत परत करतो. उणे अनंत ८० या धोक्याच्या पातळीपेक्षा मोठं नाही, म्हणून लोड ठीक. रिकाम्या यादीवर एव्हरी ('सगळे अट पाळतात का?' हे बघणारं फंक्शन) चालवला तर उत्तर 'खरं' येतं. म्हणून 'सगळे नोड ठीक'. आणि एखादा आकडा नॅन ('हा आकडाच नाही') आला, तर त्याची कशाशीही लहान-मोठेपणाची तुलना 'खोटं' ठरते, म्हणजे धोक्याची पातळी कधी ओलांडलीच जात नाही. तिन्ही वाटा हिरव्याकडे जातात. अट 'वाईट आहे का?' अशी लिहिली, तर माहितीचा अभाव आपोआप 'चांगलं' ठरतो.

मग जोलोकियाने तरी ओरडायला हवं होतं. फुगलेल्या हीपमुळे जावाची कचरा-सफाई लांबत गेली, जोलोकियाची उत्तरं वेळेत येईनात आणि पानाने ती मागणी सोडून दिली. अशा वेळी पान कोरं पडू नये म्हणून कोडमध्ये प्रत्येक स्रोताच्या कॅचमध्ये, म्हणजे चूक झाल्यावर चालणाऱ्या भागात, 'रिकामी यादी परत कर' असं लिहिलं होतं. पुढची गोष्ट वरचीच. एकाच कारणाने दोन स्रोत गप्प झाले आणि दोघांचंही मौन पानाने संमती धरलं.

प्रोमिथियसमधल्या इशाऱ्याच्या नियमानेही साथ दिली नाही. नियम होता 'अप बरोबर शून्य'. अप म्हणजे लक्ष्याकडून (मोजल्या जाणाऱ्या यंत्राकडून वा सेवेकडून) मोजणी मिळाली की नाही याची नोंद; लक्ष्य पडलं तर अप शून्य होतो. पण लिहिताच येत नसेल तर अपही नोंदला जात नाही, तुलना रिकामी येते, इशारा शांत. नागिऑस मात्र खरं बोलत होता: पिंग ठीक, एसएसएच ठीक. त्याला विचारलेलंच तेवढं होतं.

हजेरी कोणाकडून घ्यायची

दुरुस्तीतला सर्वांत मोठा बदल एका ओळीत सांगता येतो: जाळी स्रोतांच्या उत्तरांवरून नाही, यंत्रांच्या यादीवरून काढायची. वर्गात मास्तर 'जे हजर आहेत त्यांनी हात वर करा' म्हणाले, तर गैरहजर कोण ते कळत नाही. हजेरीपट वाचला, की कळतं. पहिल्या पानाकडे पट नव्हताच. जो स्रोत जी नावं देईल तीच त्याची दुनिया.

पट म्हणजे १२० ओळींची एक फाइल. ओळीत एक न बदलणारी ओळख (यंत्राचा सिरीयल क्रमांक किंवा बायोसमधला यूयूआयडी), साइट, भूमिका, आणि प्रत्येक स्रोत त्या यंत्राला कोणत्या नावाने हाक मारतो ते. हे शेवटचे रकाने कंटाळवाणे आहेत, पण मॅशअपचं निम्मं काम तेच. प्रोमिथियस यंत्राला आयपी पत्ता आणि ९१०० पोर्ट जोडून ओळखतो, नागिऑस त्याच्या कॉन्फिगरेशनमधल्या छोट्या नावाने, गँग्लिया डीएनएसच्या (नाव आणि पत्ता यांची जुळणी देणाऱ्या यंत्रणेच्या) उलट नोंदीतून आलेल्या पूर्ण नावाने.

नावं जुळवण्याआधी सरळ करून घ्यावी लागतात: सगळी अक्षरं लहान, शेवटचा टिंब काढायचा, पोर्ट काढायचा. पोर्ट काढताना पहिल्या कोलनवर तोडू नका. आयपीव्ही६ पत्त्यात कोलनच कोलन असतात. चौकटी कंसाच्या बाहेरचा शेवटचा कोलन धरा. आणि पान उघडताना डीएनएसला नाव विचारायचा मोह टाळा. नेटवर्क बिघडलेलं असताना डीएनएसही डुलत असतो, आणि नेमकं त्याच वेळी पान हवं असतं.

जुळणीनंतर दोन प्रकारचे उरलेले निघतात. पटावर आहेत पण कोणीच काही सांगितलं नाही ते 'मूक'. स्रोतात आहेत पण पटावर नाहीत ते 'अनोळखी'. दोन्ही पानावर दिसायला हवेत, अनोळखी जरा कोपऱ्यात चालतील. त्यांना गुपचूप गाळलं, की पट सहा महिन्यांत शिळा होतो आणि कोणाला पत्ता लागत नाही.

प्रोमिथियसच्या बाजूनेही हीच हजेरी घेता येते. ख साइटवर अपच्या मालिकांची संख्या ४० पेक्षा कमी असेल, किंवा आबसेंट फंक्शन (एकही मालिका नसेल तरच उत्तर देणारं) काही परत करत असेल, तर इशारा. एकटा आबसेंट पुरत नाही, कारण चाळीसपैकी एक जरी मालिका उरली तरी तो गप्प बसतो.

घड्याळं

सात स्रोत वेळ सात तऱ्हांनी सांगत नाहीत, पण चार तऱ्हा आहेतच. प्रोमिथियस सेकंदांत, दशांशासह. नागिऑसचा जेसन मिलिसेकंदांत. जोलोकिया पूर्ण सेकंदांत. गँग्लिया तर आकड्याची वेळ सांगत नाही, वय सांगतो: टीएन म्हणजे शेवटची खबर येऊन किती सेकंद झाले. सेकंद आणि मिलिसेकंद यांची गल्लत झाली तर चूक हजारपट होते आणि लगेच दिसते. खरा त्रास बारीक चुकांचा.

म्हणून प्रत्येक आकड्याबरोबर एकच गोष्ट पुढे पाठवायची: वय, सेकंदांत, आणि ते मधल्या सर्व्हरच्या घड्याळाने मोजलेलं. ब्राउझरचं घड्याळ वापरू नये; बघणाऱ्याचा लॅपटॉप तीन मिनिटं पुढे असला तर त्याला सगळंच शिळं दिसेल. उत्तरासोबत सर्व्हरची वेळ सांगणाऱ्या डेट हेडरवरून फरक काढता येतो, पण उत्तर दुसऱ्या ओरिजिनवरून (दुसऱ्या सर्व्हरच्या पत्त्यावरून) येत असेल तर डेट हेडर जावास्क्रिप्टला मुळात दिसत नाही. सर्व्हरने तो वेगळा उघडा करावा लागतो. प्रोमिथियसकडून नमुन्याची खरी वेळ हवी तर टाइमस्टँप फंक्शन थेट कच्च्या मेट्रिकवर (मोजमापावर) लावायचं. मध्ये बेरीज-भागाकार आला, की ते पुन्हा प्रश्नाचीच वेळ देतं.

कॅशही (आधीच्या उत्तरांची साठवण) वयात भर घालते. एन्जिनएक्सला, म्हणजे प्रॉक्सीचं काम करणाऱ्या सर्व्हरला, 'मूळ सर्व्हर बोलत नसेल तर जुनं दे' असं सांगितलं असेल, तर तो जुनं उत्तर २०० म्हणूनच देतो आणि उत्तराचं वय सांगणारा एज हेडर स्वतःहून लावत नाही. अपस्ट्रीम कॅश स्टेटस हे चल एका हेडरमध्ये टाकून पाठवा. त्यात 'स्टेल' आलं, की ते उत्तर ताजं समजायचं नाही.

प्रत्येकाची मरायची रीत वेगळी

'स्रोत बोलत नाही' ही एकच अवस्था समजून कोड लिहिला, तर तो फसतो. प्रोमिथियस पाच मिनिटं जुनं सांगतो, मग रिकामा होतो. गँग्लियात मेलेलं यंत्र यादीत तसंच राहतं, शेवटचे आकडे मिरवत. फक्त टीएन वाढत जातो. त्याचं स्वतःचं वेबपान टीएन हा टीमॅक्सच्या (दोन खबरींमधल्या अपेक्षित कमाल अंतराच्या) चौपटीवर गेला की यंत्र पडलं असं मानतं. यंत्राचा टीमॅक्स २० असतो, म्हणजे ८० सेकंद. मॅशअपनेही तोच नियम पाळावा, नाहीतर दोन पानं दोन गोष्टी सांगतील. नागिऑसची मुख्य प्रक्रिया अडकली वा अचानक मारली गेली, तर त्याची स्थितीची फाइल जागेवर राहते आणि सीजीआय (त्याची वेबपानं बनवणारे प्रोग्राम) ती वाचून दाखवत राहतात. शेवटच्या तपासणीची वेळ पाहिल्याशिवाय ओळखू येत नाही. जोलोकियाचा कावा निराळाच: आतली मागणी फसली तरी बाहेरचा एचटीटीपी कोड २०० असतो, खरा ४०४ किंवा ५०० जेसनच्या आतल्या स्टेटसमध्ये असतो. आवृत्त्यांच्या फीडचं गप्प राहणं तर स्वाभाविकच आहे, रोज कोण आवृत्ती चढवतं? त्याला दर दहा मिनिटांनी एक रिकामी 'जिवंत आहे' नोंद टाकायला लावणं, एवढाच उपाय.

म्हणून प्रत्येक स्रोतासाठी एक छोटा अडॅप्टर, आणि त्याचं उत्तर चारच गोष्टींचं: ओळख, आकडा, वय, आणि 'कळलं' की 'कळलं नाही'. शिळेपणाच्या मर्यादाही अडॅप्टरमध्येच. प्रोमिथियसला ६० सेकंद, गँग्लियाला ८०, जोलोकियाला दर ३० सेकंदांनी विचारत असू तर ९०. नागिऑस दर पाच मिनिटांनी तपासत असेल तर १२ मिनिटं. दोन फेऱ्या हुकल्या आणि वर थोडी सवलत.

पानावर आता चार रंग आहेत. हिरवा, पिवळा, लाल, आणि 'कळलं नाही' साठी तिरप्या रेघांचा राखाडी, सोबत 'शेवटची खबर ४ मिनिटांपूर्वी' असा मजकूर. अट उलटी लिहिली आहे: आकडा आहे, ताजा आहे आणि मर्यादेत आहे, हे तिन्ही सिद्ध झालं तरच हिरवा. साइटचा एकत्रित रंग ठरवताना लाल सर्वांत वर, मग राखाडी, मग पिवळा. राखाडी पिवळ्याच्या वर का, यावर वाद होऊ शकतो. पण पिवळ्या नोडबद्दल काहीतरी माहीत असतं. राखाडीबद्दल काहीच नाही.

मागण्यांचा हिशेब

पहिलं पान प्रत्येक नोडच्या प्रत्येक मेट्रिकसाठी वेगळी मागणी करायचं. १२० नोड, चार मेट्रिक, ४८० मागण्या. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका होस्टशी साधारण सहाच जोडण्या उघडतो. एक मागणी २०० मिलिसेकंदांची धरली तर ऐंशी फेऱ्या, सोळा सेकंद. पान दर ३० सेकंदांनी ताजं व्हायचं, म्हणजे निम्मा वेळ ते अर्धं जुनं आणि अर्धं नवं. बारा जणांनी पान उघडलं, की सेकंदाला १९२ मागण्या. आणि बारा जण पान नेमकं कधी उघडतात? बिघाड झाल्यावर.

प्रोमिथियसला नोडनिहाय विचारायची गरजच नसते. लोड या मेट्रिकचं नाव दिलं, की चाळीसही नोडांच्या मालिका एका उत्तरात येतात. चार मेट्रिक, तीन साइट, बारा मागण्या. त्यापुढे दहा सेकंदांची कॅश बसवली, की बघणारे बारा असोत वा दोनशे, प्रोमिथियसांवर मिळून सेकंदाला १.२ मागण्यांपेक्षा जास्त भार जात नाही. कॅशची मुदत संपताच सगळे एकदम आत घुसू नयेत म्हणून कॅश लॉक (एका वेळी एकच मागणी पुढे जाऊ देणारा) चालू ठेवायचा.

सगळे स्रोत एकाच प्रॉक्सीमागे आणण्याचं कारण एवढंच नाही. ब्राउझर स्कीम, होस्ट आणि पोर्ट या तिघांपैकी एकही वेगळं असेल तर दुसऱ्याचं उत्तर वाचू देत नाही. प्रत्येक साधनाला सीओआरएस हेडर (दुसऱ्या पत्त्यावरच्या पानाला वाचायची परवानगी) लावता येतात, पण सात ठिकाणची सेटिंगं सांभाळावी लागतात, आणि कुकीसह मागणी असेल तर तिथे 'कोणीही चालेल' अशी तारांकित (*) परवानगी चालत नाही. जेसनपी वापरायचा सल्ला अजून कुठेकुठे दिसतो; तो म्हणजे दुसऱ्याची स्क्रिप्ट आपल्या पानात जशीच्या तशी चालवणं, व्यवस्थापनाच्या पानावर तर नकोच. आयफ्रेमने (पानात पान बसवून) साधनांची पानं शेजारी शेजारी मांडली तर लॉगिनच्या कुकी अडतात, आणि नावांची जुळणी होत नाही ती नाहीच.

मुदतीही स्वतः घालाव्या लागतात. फेचला (मागणी पाठवणाऱ्या जावास्क्रिप्टच्या फंक्शनला) मुळात वेळेची मर्यादा नाही आणि सर्व्हरने ५०० दिला तरी ते त्याला अपयश मानत नाही. एन्जिनएक्स मूळ सर्व्हरची वाट ६० सेकंद पाहतो. इथे प्रत्येक स्रोताला चार सेकंद दिले आहेत. अनेक मागण्यांची एकत्र वाट पाहायला प्रॉमिस.ऑल ऐवजी ऑलसेटल्ड, कारण ऑलमध्ये एक पडला की सगळे पडतात. सातही स्रोत वेगवेगळे आणि प्रत्येकी ९९ टक्के वेळ चालू धरले, तरी सातही एकत्र चालू असण्याची शक्यता ९३ टक्क्यांच्या आसपासच येते. पान अपूर्ण असणं ही रोजची बाब आहे.

फक्त वाचायचं

प्रॉक्सीवर फक्त गेट (वाचायच्या) मागण्या सोडल्या, की पान निरुपद्रवी झालं, असा समज असतो. जोलोकिया तो खोटा ठरवतो. त्याच्यात गेटच्याच पत्त्यात 'एक्झेक' लिहून सेवेच्या आतली क्रिया चालवता येते, 'राइट' लिहून किंमत बदलता येते, आणि धोरणाची फाइल दिली नसेल तर सगळं मोकळं असतं. म्हणून धोरणाच्या फाइलीत फक्त 'रीड', आणि प्रॉक्सीवर मोजके पूर्ण पत्ते. सेवा बंद-चालू करायचं बटण पानावर नाही. चौकोनावर क्लिक केलं, की त्या साधनाचं स्वतःचं पान नव्या टॅबमध्ये उघडतं आणि तिथलं लॉगिन तिथेच लागतं.

नागिऑसच्या प्लगिनचा मजकूर पानावर दाखवताना तो एचटीएमएल म्हणून आत घालू नये, साधा मजकूर म्हणूनच लिहावा. तो मजकूर दूरच्या यंत्रावरून आलेला असतो, आणि ते यंत्र कोणाच्या ताब्यात आहे याची खात्री नसते.

कवायत

दुरुस्त पानाची परीक्षा एकेक स्रोत मुद्दाम बिघडवून घेतली जाते, आणि बिघडवायच्या तऱ्हा वेगवेगळ्या हव्यात. प्रक्रिया मारली तर जोडणी ताबडतोब नाकारली जाते. हा सोपा पेपर. सिगस्टॉप देऊन गोठवली तर कर्नल जोडणी स्वीकारतो आणि उत्तर कधीच येत नाही; चार सेकंदांची मुदत इथे तपासली जाते. फायरवॉलवर पाकिटं गिळली तर जोडणीच लटकते. प्रोमिथियसची डिस्क भरायला चाचणीच्या साइटवर एक मोठी फाइल तयार करायची. शिवाय एका यंत्राचं घड्याळ तीन मिनिटं मागे न्यायचं, आणि पटावर नसलेला एक नोड जोडायचा.

ख साइटवर त्या रात्रीचाच प्रसंग पुन्हा घडला, तर अपेक्षित क्रम असा: साठ सेकंद संपताच टाइमस्टँपमुळे वय मर्यादा ओलांडतं आणि चाळीस चौकोन राखाडी होतात, उत्तरं अजून 'सक्सेस' असताना. जोलोकियाचे चौकोन उशीर वाढत गेल्यावर त्यांच्यात सामील होतात. कालरेषेवर ६:१० ची आवृत्ती ख साइटच्या नावाने आधीपासून दिसत असते, मालिकांच्या संख्येच्या चढत्या आलेखाच्या अगदी बुडाशी. मालिकांची संख्या आता पानावर आहे. डिस्क भरायच्या पाच तास आधीपासून तीच काय ते सांगत होती.

पान इशारा देण्याचं साधन नाही, हे मात्र कायम. क्रोमच्या ८८ व्या आवृत्तीपासून पाच मिनिटांहून जास्त वेळ मागे पडलेल्या टॅबचे टायमर मिनिटाला एकदाच चालू शकतात; टॅब पुन्हा समोर आला की लगेच सगळं नव्याने मागवायला हवं. आणि मधला सर्व्हरच पडला तर? त्यासाठी पानात एक स्वतंत्र टायमर आहे: साठ सेकंदांत एकही नवं उत्तर आलं नाही, तर १२० चौकोन राखाडी. तो टायमरही ज्या टॅबमध्ये चालतो तो टॅब गोठला, तर कोपऱ्यातल्या घड्याळाचा सेकंदकाटा थांबतो. तो थांबलेला दिसला, की आधी पान रिलोड करायचं, यंत्रांना हात नंतर लावायचा.